पडद्यावरचें पान आणि त्याचें चित्र



इसवी सन १८०५ सालीं मिरजेस भगवद्गीतेची एक प्रत छापली गेली. कल्पना मुळांत पुण्याची. पेशव्यांच्या दरबारीं इंग्रजांचा वकील म्हणून राहिलेला चार्लस मॅलेट ह्याच्या सहवासामुळें मुद्रणाच्या विद्येकडे पुण्यांतील कांहीं लोकांचें लक्ष वेधलें होतें. नाना फडणिसांनीं एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यांवर गीता कोरवून घेण्यास आरंभ केला. १८०० सालीं नाना निवर्तले आणि काम तसेंच राहिलें. पुढें तो कारागीर मिरजेस गेला आणि मिरजकर गंगाधरराव पटवर्धन ह्यांच्या आश्रयानें तें काम तडीस गेलें. ह्या रीतींत एक पान म्हणजे एक पत्रा. अक्षरें उलटीं कोरावयाचीं, शाई लावावयाची आणि कागद दाबावयाचा. एखादें अक्षर चुकलें तर तेवढेंच उपटून तेथें दुसरें बसविण्याची सोय नाहीं, आणि गीतेच्या पत्र्यांवरील अक्षरें जुळवून त्यांतून उद्यां पंचांग छापतां येत नाहीं. उलट त्याच १८०५ सालीं बंगाल्यांत सेरामपूर येथें विल्यम कॅरीचें मराठी भाषेचें व्याकरण छापलें गेलें, तें देवनागरीच्या सुट्या खिळ्यांनीं. खिळा चुकला तर काढावा, दुसरा घालावा. छपाई झाली कीं सर्व खिळे पुन्हां आपापल्या घरांत टाकावे आणि नवें पुस्तक जुळवावें.

मिरजेचा पत्रा आणि सेरामपूरचा खिळा, ह्या दोन गोष्टी आपण ध्यानांत ठेवल्या म्हणजे आजचा माझा विषय समजण्यास फारसे कष्ट पडणार नाहींत. विषय असा आहे कीं, संगणकावर किंवा मोबाईलवर टिपणें ठेवण्याचीं जीं सॉफ्टवेअरें आहेत, त्यांतील पडद्यावर दिसणारें पान चित्राच्या रूपानें, म्हणजे चित्राची फाइल करून, कसें व कां जपावें. अशा चित्राला घरोघर स्क्रीनशॉट हेंच नांव रूढ झालें आहे, तेव्हां मीही तेंच वापरतों. पडद्यावर आपण मजकूर लिहितों तेव्हां तें पान खिळ्यांचें असतें. प्रत्येक अक्षराला एक ठराविक क्रमांक आणि तो क्रमांक यंत्राच्या स्मरणांत. स्क्रीनशॉट घेतला कीं त्याच पानाचा पत्रा होतो. डोळ्यांना दोन्ही सारखींच दिसतात. यंत्राला मात्र दुसऱ्यांत एकही अक्षर दिसत नाहीं. त्याला दिसतात ते केवळ रंगीत ठिपके.

हे ठिपके किती, त्याचा हिशेब करून पाहावा. नेहमींच्या संगणकाचा पडदा आडवा १९२० आणि उभा १०८० ठिपक्यांचा असतो. गुणाकार केला तर २०,७३,६०० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यास तीन आंकडे लागतात. तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. म्हणजे एका पडद्याला ६२,२०,८०० आंकडे झाले. आतां त्याच पडद्यावरील मजकूर घ्या. दोन हजार अक्षरचिन्हें धरलीं आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन आंकडे लागतात असें धरलें, तर सहा हजारांत काम होतें. एका बाजूला सहा हजार, दुसऱ्या बाजूला बासष्ट लाख. मग इतका बोजा उचलून चित्र कां ठेवावें, असा प्रश्न माझ्या एका नातवंडानें मला विचारला होता, आणि प्रश्न रास्त आहे.

त्याचें पहिलें उत्तर आपल्या भाषेच्या अलीकडच्या इतिहासांत आहे. वीस पंचवीस वर्षांपूर्वीं मराठी टंकलेखन करणाऱ्यांना आठवत असेल कीं, त्या वेळीं प्रत्येक फाँटचा कारभार स्वतंत्र होता. कृतिदेवमध्यें टंकलेलें पत्र श्रीलिपी असलेल्या संगणकावर उघडलें तर मराठीच्या जागीं रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसे. एकाच्या खिळ्यांच्या पेटींत जेथें 'क' तेथें दुसऱ्याच्या पेटींत भलतेंच कांहीं. युनिकोड नांवाच्या सर्वमान्य क्रमांकपद्धतींत देवनागरीला १९९१ सालींच जागा मिळाली होती. परंतु ती घरोघरच्या यंत्रांत उतरण्यास पुष्कळ काळ लोटला. तोंपर्यंत मराठी माणसानें एक साधी तोड काढली. पानाचें चित्र करावयाचें आणि तें पाठवावयाचें. लग्नपत्रिका, शाळेची सूचना, ग्रामपंचायतीची नोटीस, सर्व कांहीं चित्ररूपानें फिरूं लागलें, आणि फाँटची अडचण बहुतेक संपली तरी ही संवय राहिलीच आहे. ह्या संवयीला आळस म्हणून नांवें ठेवणारे लोक मला भेटतात. तिचें मूळ ठाऊक नसल्यानें ते तसें म्हणतात, एवढेंच मी म्हणेन.

साताऱ्याच्या माणसाला तर ह्याचा रोजचा अनुभव आहे. 'साताऱ्याचा' ह्या शब्दांतील अर्धा र आपण डोळ्याच्या पापणीसारखा काढतों. हा पापणीचा र हिंदींत नाहीं. त्यामुळें पुष्कळ सॉफ्टवेअरांनीं आमच्या गांवाच्या नांवावर रफार चढवून त्याचें 'सातार्याचा' करून टाकलें. आजही हें अक्षर यंत्रांत दोन निरनिराळ्या प्रकारांनीं लिहिलें जातें. कोणी नुक्त्याच्या ऱ पासून तें साधतो, कोणी साध्या र ला न दिसणारा एक जोडक जोडून साधतो. पडद्यावर दोन्ही एकसारखींच दिसतात. परंतु यंत्राला एका प्रकारचा 'साताऱ्याचा' शोधावयास सांगितलें तर दुसऱ्या प्रकारचा त्याला सांपडेलच असें नाहीं. ज्याचीं टिपणें हजारों आहेत त्यानें हें ध्यानांत ठेवलेलें बरें. चित्रांत हा घोटाळा नाहीं. लिहिणाऱ्यानें जें पाहिलें तेंच पाहणाऱ्याला दिसतें.

दुसरें उत्तर अधिक गंभीर आहे. टिपणवहीचें सॉफ्टवेअर हें आपल्या मालकीचें नसतें. दुकानांतून शंभरपानी वही आणली तर दुकान बंद झाल्यावरही वही आपल्या फडताळांत राहते. येथें मात्र दुकान आणि वही एकच. गूगलचा जॅमबोर्ड नांवाचा एक फळा होता. मार्च २०२० मध्यें महासाथीमुळें शाळा बंद झाल्या, त्यानंतर पुष्कळ शिक्षकांनीं त्या फळ्यावर गणितें सोडवून दाखविलीं, नकाशे काढले, मुलांकडून चिठ्ठ्या चिकटवून घेतल्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यावर लिहितां येईना, केवळ पाहतां येऊं लागलें, आणि ३१ डिसेंबर २०२४ रोजीं तो कायमचा मिटला. त्या फळ्याचें एकेक पान चित्र म्हणून उतरवून घेण्याची आणि सगळा फळा पी.डी.एफ. करून ठेवण्याची सोय त्यांतच होती. ज्यांनीं ती वेळेवर वापरली त्यांचें काम आज त्यांच्यापाशीं आहे. एव्हरनोटनें डिसेंबर २०२३ मध्यें पैसे न भरणाऱ्यांना पन्नास टिपणांची आणि एका वहीची मर्यादा घातली. वननोट हें मायक्रोसॉफ्टचें सॉफ्टवेअर २००३ सालापासून चालत आलें आहे व अजून चालू आहे. परंतु त्याचीही विंडोज दहासाठीं केलेली एक आवृत्ति १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली. ह्या कंपन्यांनीं आगाऊ सूचना दिल्या होत्या, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. पण सूचना वाचतो कोण!

माझे एक स्नेही होते. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागांत त्यांची सारी नोकरी गेली. गणित हा त्यांचा विषय, आणि शाब्दिक उदाहरणें रचणें हा छंद. पाठ्यपुस्तकांतील आगगाड्या आणि पाण्याच्या टांक्या मुलांनीं पाहिलेल्या नसत. म्हणून हे गृहस्थ भाताच्या खाचरांचें क्षेत्रफळ, स्ट्रॉबेरीच्या पेट्यांचा नफातोटा, यात्रेला जाणाऱ्या एस.टी.च्या फेऱ्या, धरणाच्या पाण्याची घट अशीं उदाहरणें स्वतः रचीत. निवृत्तीनंतर त्यांनीं तीं सर्व एका टिपणांच्या ॲपमध्यें घातलीं. महासाथीच्या वर्षांत गांवाच्या वरच्या टेंकडीवर गेल्याशिवाय मोबाईलला रेंज मिळत नसे. तेव्हां ते रोजच्या उदाहरणांचा स्क्रीनशॉट काढून पालकांच्या व्हॉट्सॲपवर पाठवीत. चित्र एकदां उतरलें कीं मुलगा घरीं बसून रेंजवांचून तें सोडवी. २०२१ सालीं हे स्नेही गेले. त्यांच्या मुलानें ॲप उघडण्याची खटपट केली. परवलीचा शब्द कोणाला ठाऊक नव्हता आणि ज्या जुन्या नंबरावर संकेतांक यावयाचा तो नंबर बंद झालेला. ॲपच्या मालकांशीं झालेला पत्रव्यवहार निष्फळ ठरला. हातीं लागलीं तीं एवढीं चित्रें. कांहीं त्यांच्याच मोबाईलमध्यें, कांहीं पालकांकडे, मिळून शंभरावर.

आम्हीं तिघां चौघां निवृत्तांनीं बसून तीं उतरून काढलीं. त्यांच्या मोबाईलमधील मूळ चित्रें आरशासारखीं स्वच्छ होतीं. पालकांकडून परत आलेलीं मात्र धुरकट. एका हातून दुसऱ्या हातीं जातांना अक्षरांच्या कडा झिजलेल्या. १ आहे कीं ९, हें कळेना. गणिताला एक गुण आहे. उदाहरण सोडवून पाहिलें आणि उत्तर पूर्णांकांत आलें कीं आंकडा कोणता तें बहुधा सिद्ध होतें. अशा रीतीनें पुष्कळ आंकडे आम्हीं परत मिळविले. पण एका उदाहरणांत वाडीचें नांव होतें आणि त्यांतील अनुस्वार उडालेला. त्याला कोणतेंही समीकरण उपयोगी पडलें नाहीं. शेवटीं त्या वाडीच्या एका म्हातारबुवांना विचारावें लागलें.

ही झीज कां होते, तें थोडें सांगतों. कारण चित्राची फाइल कोणत्या जातीची करावी ह्याचा निर्णय त्यावरच आहे. दोन जाती मुख्य आहेत, जे.पी.जी. आणि पी.एन.जी. जे.पी.जी. ही १९९२ च्या सुमारास ठरलेली पद्धति छायाचित्रांसाठीं. ती चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनांतील जो बारीकसारीक फरक डोळ्याला जाणवणार नाहीं असें तिला वाटतें तो टाकून देते. आभाळ, डोंगर, माणसाचा चेहरा ह्यांत तें खपून जातें. काळें अक्षर आणि पांढरा कागद ह्यांच्या सीमेवर मात्र राखाडी भुसा उडाल्यासारखा दिसतो, आणि फाइल पुनःपुन्हां त्याच रीतीनें दाबली कीं भुसा वाढतो. इंग्रजी अक्षराचें ह्यानें फार बिघडत नाहीं. आमच्या लिपींत सारा अर्थ एका बिंदूवर. रग आणि रंग, कस आणि कंस!

पी.एन.जी. ची हकीकत मौजेची आहे. त्यापूर्वीं जी.आय.एफ. नांवाची जात प्रचारांत होती. तिच्यांतील दाबण्याच्या युक्तीवर युनिसिस कंपनीचें पेटंट होतें आणि १९९४ च्या अखेरीस त्या पेटंटाचे पैसे मागण्याची घोषणा झाली. तेव्हां जगांतील कांहीं जाणत्या मंडळींनीं एकत्र येऊन कोणाच्याही पेटंटांत न अडकणारी नवी जात तयार केली. १९९६ सालीं तिला मान्यता मिळाली. हिची रीत प्रामाणिक कारकुनासारखी आहे. पुढें आलेला तुकडा मागें येऊन गेलेल्या तुकड्यासारखाच असेल तर तो पुन्हां न लिहितां 'मागें अमुक ठिकाणीं पाहा' अशी खूण ती करते. टिपणाच्या पानाचा बहुतेक भाग कोरा, पांढरा. म्हणून बासष्ट लाखांचा भार पुष्कळ उतरतो, आणि उघडतांना एकही ठिपका इकडचा तिकडे होत नाहीं. तेव्हां लिखाणाचें चित्र पी.एन.जी. मध्यें ठेवावें, गांवच्या जत्रेचा फोटो जे.पी.जी. मध्यें. व्हॉट्सॲपवर पाठवितांना मजकुराचें चित्र फोटो म्हणून न पाठवितां डॉक्युमेंट म्हणून पाठवावें, म्हणजे वाटेंत तें दाबलें जात नाहीं.

आतां प्रत्यक्ष कृति. वननोटसारख्या वहींत आपण पडद्याचा तुकडा कापून चिकटविला कीं तो त्या वहीच्याच पोटांत जातो. संगणकाच्या कप्प्यांत त्याची स्वतंत्र फाइल झालेली नसते. पुष्कळांची समजूत येथेंच फसते. त्यांना वाटतें, चित्र दिसतें आहे त्या अर्थीं तें कोठेंतरी ठेवलेलें असणारच. त्याची फाइल करावयाची तर संगणकावरच्या वननोटमध्यें चित्रावर माऊसचें उजवें बटण दाबावें, 'सेव्ह ॲज' निवडावें, जात पी.एन.जी. ठेवावी आणि आपल्या कप्प्यांत नांव देऊन ठेवावें. वननोट तुकड्याखालीं तो केव्हां कापला त्याची तारीख व वेळ लिहितें. पण ती ओळ वहींत राहते, चित्राबरोबर येत नाहीं. म्हणून तारीख फाइलच्या नांवांतच घालावी. आधीं साल, मग महिना, मग दिवस, २०२४-०६-१५ असें. दिवस आधीं लिहिला तर यंत्र साऱ्या महिन्यांच्या एक तारखा एके ठिकाणीं गोळा करतें आणि हजेरीपत्रकाचा विचका होतो.

वहींत हातानें, म्हणजे पडद्यावरच्या लेखणीनें, कांहीं लिहिलें असेल तर तें चित्र नव्हे. तेथें उजव्या बटणाचा हा उपाय चालत नाहीं. अशा वेळीं संपूर्ण पानाची पी.डी.एफ. काढावी किंवा पडद्याचाच स्क्रीनशॉट घ्यावा. विंडोजमध्यें विंडोजची कळ आणि प्रिंट स्क्रीनची कळ एकदम दाबली कीं चित्र आपोआप पिक्चर्समधील स्क्रीनशॉट्स ह्या कप्प्यांत पडतें. मोबाईलवर बहुधा चालूबंदचें बटण आणि आवाज कमी करण्याचें बटण एकदम दाबतात. लांब पान असेल तर पडद्यावर दिसतो तेवढाच भाग येतो. अँड्रॉइडच्या २०२१ मधील बाराव्या आवृत्तीपासून पान सरकवीत एकच लांब चित्र घेण्याची सोय आहे. नसेल तर तुकडे घ्यावे आणि प्रत्येक तुकड्यांत मागच्या तुकड्याच्या दोन ओळी येऊं द्याव्या. जुने लेखनिक पानाच्या शेवटीं पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवीत, तशांतलाच हा प्रकार.

चित्र घेतांना काय घेतलें जात आहे तेंही पाहावें. वरच्या पट्टींत बँकेचा संदेश आलेला असतो, संकेतांक आलेला असतो, कोणाचें खासगी बोलणें अर्धें दिसत असतें. तें कापून टाकावें. आणि कापल्याची खात्री करून घ्यावी. मार्च २०२३ मध्यें असें उघडकीस आलें कीं, गूगलच्या पिक्सेल मोबाईलमधील आणि विंडोजमधील चित्र कापण्याच्या साधनांत एक दोष होता. त्यामुळें कापलेला भाग डोळ्यांना दिसत नसे, पण फाइलच्या शेपटांत तसाच राही आणि जाणकाराला तो परत काढतां येई. तो दोष दुरुस्त झाला आहे. त्याआधीं कापलेलीं चित्रें मात्र जगभर जेथें गेलीं तेथें आहेत.

हा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून चालेल काय, असें मला सांगलीच्या बाजूच्या एका शेतकरी गृहस्थांनीं विचारलें. त्यांनीं महाभूलेखवर पाहिलेल्या सातबाऱ्याचें चित्र काढून ठेवलें होतें. तो उतारा पाहण्यापुरता असतो. सरकारी कामाला डिजिटल सहीचा उतारा घ्यावा लागतो, आणि तो मिळतोही. कोर्टाची गोष्ट निराळी. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून निघालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल ह्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १४ जुलै २०२० रोजीं असें ठरविलें कीं, यंत्रांतील मजकुराची उतरलेली प्रत पुरावा म्हणून दाखल करतांना कायद्यानें सांगितलेला दाखला जोडणें आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांत कलम ६३ मध्यें तशी तरतूद आहे. तेव्हां चित्र काढल्यावर मूळ नोंद आणि तें यंत्र सांभाळणेंही आलेंच. अधिक वकिलांना विचारावें. हा माझा प्रांत नव्हे.

येथपर्यंत मी चित्राची वकिली केली. परंतु केवळ चित्रांवर विसंबणाऱ्याचे हाल मी पाहिले आहेत. मोबाईलमध्यें चार हजार चित्रें, आणि डॉक्टरांनीं सांगितलेल्या औषधाचें नांव त्यांत कोठें आहे तें घरांतील कोणालाही सांपडत नाहीं. आजचीं यंत्रें चित्रांतील अक्षरें ओळखूं लागलीं आहेत, देवनागरीही ओळखतात, परंतु त्यांची नजर अजून आमच्या पहिलीच्या वर्गातील मुलांसारखी आहे. घ चा ध होतो, भ चा म होतो, आणि जुन्या वळणाच्या ख चा 'रव' झालेला मीं स्वतः पाहिला आहे. म्हणून जें पुन्हां शोधावें लागणार, वाढवावें लागणार, त्याचा मजकूर मजकूर म्हणूनच ठेवावा आणि चित्र साक्षीला ठेवावें.

साक्षीचें महत्त्व काय, हें सातारा जिल्ह्याला नव्यानें सांगावयाला नको. वाईस सांपडलेल्या कागदांच्या आधारें इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. मोडींतील पत्रें त्यांनीं बालबोधींत उतरविलीं, म्हणूनच तीं सर्वांना वाचतां आलीं. पण मोडी ही अशी लिपि आहे कीं, जाणत्या दोघां वाचकांत एका शब्दावरून मतभेद व्हावा. छापील बालबोध प्रतींत एक वाचन कायम होतें. दुसऱ्याला शंका आली तर त्यानें मूळ कागदच पाहिला पाहिजे. आणि मूळ कागद! दत्तात्रय बळवंत पारसनीस ह्यांनीं साताऱ्यास जमविलेला संग्रह त्यांच्या पश्चात् १९३९ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत गेला, म्हणून सुरक्षित राहिला. घराघरांतील दप्तरांचे कागद बंबांत गेले, वाळवीनें खाल्ले, वाण्यानें त्यांत पुड्या बांधल्या. त्या कागदांचीं नुसतीं चित्रें जरी कोणी काढून ठेवलीं असतीं, तरी आज निम्मे वाद मिटले असते.

मोडी लिपीला युनिकोडमध्यें २०१४ सालीं जागा मिळाली. तरी मोडी मजकुराच्या जागीं चौकोन दिसण्याचे प्रसंग येतात. ज्यांच्या घरीं अजून मोडी कागद आहेत, त्यांनीं ते सपाट पसरून दिवसाच्या उजेडांत त्यांचीं चित्रें घ्यावीं, आपलें वाचन टिपणवहींत मजकूर म्हणून लिहावें, आणि मूळ चित्र त्याच पानावर त्याखालीं चिकटवावें. मग त्या संपूर्ण पानाची पुन्हां एक चित्रफाइल करून ती दुसऱ्या गांवीं राहणाऱ्या भावाकडे अथवा मुलीकडे पाठवून द्यावी. आमच्या गटांतील एक निवृत्त शिक्षिकाबाई हेंच काम आपल्या आजोळच्या वंशावळीचें करीत आहेत. त्यांनीं चित्रांचे तीन संच केले आहेत. एक संगणकांत, एक पेनड्राइव्हवर आणि एक पुण्याच्या भाचीकडे. पेनड्राइव्ह त्या दर दिवाळीला उघडून पाहतात आणि चारदोन फाइली उघडतात कीं नाहीं त्याची नोंद एका कागदी वहींत करतात. परवलीचे शब्दही त्यांनीं त्याच कागदी वहींत लिहिले असून ती वही देवघराच्या खालच्या खणांत असते, हें त्यांच्या दोन्ही सुनांना ठाऊक आहे.